बश्कीर लोकांचा मध: ‘मधमाशीपालन’ म्हणावं का?

भाषांतरवाली: रशियातल्या दक्षिण उरल डोंगरभागातल्या बश्कीर लोकांवरचा लेख मराठीत करतेय. बुर्झियान भागात जिवंत पाइनच्या खोडात उंचावर ढोली कोरतात, रानमाशी आपणहून तिथे येऊन बसते. खोडावर कुळाची खूण असते, तिला ‘तमगा’ म्हणतात. कातड्याचा विणलेला पट्टा झाडाभोवती टाकून वर चढायचं, उन्हाळा सरला की मध काढायचा आणि माश्यांपुरता हिवाळ्यासाठी मागे ठेवायचा. संपादक म्हणतात ‘मधमाशीपालन’ लिहा. मला तर त्या शब्दानं पेट्याच दिसतात.

रानवाटा: पालन कसलं? आमच्या कोयनेच्या खोऱ्यात सातेरी मधमाशीही ढोलीतच बसते. आजोबा ‘ढोलीचा मध’ म्हणायचे. तेच लिहा.

शुद्धलेखन: ‘वृक्षकोटर-मधुसंग्रह’. कोटर चांगला शब्द आहे, का टाकायचा?

रानवाटा: मध काढणाऱ्या एका तरी माणसाच्या तोंडी ‘कोटर’ ऐकलाय का तुम्ही?

भाषांतरवाली: पण ‘ढोलीचा मध’ म्हटलं की आपसूक झालेली ढोली वाटते. ही माणसानं कोरलेली, निगा राखलेली. तिला त्यांच्यात ‘सोलोक’ असा वेगळा शब्द आहे.

कुरैप्रेमी: मुळात ‘बश्कीर’ का? ते स्वतःला ‘बाश्कोर्त’ म्हणवतात. बाश म्हणजे डोकं, कोर्त म्हणजे लांडगा. आपलं बाशिंगही त्याच ‘बाश’चं असणार, डोक्यालाच तर बांधतात!

शब्दवेडी: बाशिंग कानडीतून आलंय, तिकडे ‘बासिग’ आहे. आणि लांडग्याला ‘कुर्त’ म्हणतात ते तुर्कस्तानात. बश्कीर भाषेत लांडगा ‘ब्यूरे’, ‘कोर्त’ म्हणजे किडा, आणि मधमाशी ‘बाल कोर्तो’. म्हणून काही जण नावाचा अर्थ ‘प्रमुख माशी’ असाही लावतात. अभ्यासकांचं यावर एकमत नाही.

शुद्धलेखन: अर्थ काही असो, मराठीत ‘बश्कीर’ लिहा. जर्मन लोक स्वतःला ‘डॉइच’ म्हणतात म्हणून आपण बदललं का?

कुरैप्रेमी: जर्मन शब्द मुरलाय. हा अजून मुरायचाय, तर आताच नीट लिहू या. रशियातल्या त्यांच्या प्रजासत्ताकाचं नाव १९९२ पासून बाश्कोर्तोस्तान आहे. झेंड्यावर कुरै नावाच्या रोपाचं फूल, सात पाकळ्या सात टोळ्यांच्या.

भाषांतरवाली: बरं, बाश्कोर्त. ढोलीचं काय?

शब्दवेडी: कुरै नावाचं वाद्यही आहे, ते म्हणजे पावाच ना?

कुरैप्रेमी: पावा आडवा धरतात, कुरै उभा. त्याच नावाच्या रोपाचा वाळलेला देठ, पाच भोकं, टोकाला ओठ लावून फुंकायचा. मुरलेला वादक घशातून खर्जही धरतो, दोन सूर एकदम. ‘पावा’ लिहिलंत तर हे सगळं गेलं.

रानवाटा: गुराख्यांकडे उभे पावेही असतात हो, मी पाहिलेत.