टीव्ही ठणठणीत चालतो, पण केबल मोडेम ऑनलाइन येत नाही (दारव्हा तालुका)

कपाशीवाला:
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत फायबर आलेलं नाही, केबलवाल्याची जुनी कोॲक्स लाइनच आहे. खांबावरून ४० मीटरच्या आसपास आरजी-६ वायर घरात येते. आत आल्यावर आधी बूस्टर, मग चार तोंडांचा स्प्लिटर. दोन तोंडं टीव्हींना, तिसऱ्यावर मोडेम, चौथं मोकळं. मोडेम डॉक्सिस ३.० (टीव्हीच्या केबलवरून नेट देण्याच्या पद्धतीची आवृत्ती) आहे, सेकंडहँड. पॉवर आणि डाउनस्ट्रीमचे (खाली येणाऱ्या सिग्नलचे) लाइट स्थिर आहेत. अपस्ट्रीमचा (वर जाणाऱ्याचा) नुसता लुकलुकून राहिला, ऑनलाइनचा लागतच नाही. लॅपटॉप जोडला तर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दाखवतो, म्हणजे नेटकडून पत्ता मिळालेलाच नाही. दोन्ही टीव्हींचं चित्र स्वच्छ आहे, म्हणून केबलवाला म्हणतो लाइन बरोबर, मोडेमच गेला. नवीन घेऊ का?

तारजोड:
घेऊ नका भाऊ. बूस्टर काढा आधी.

टीव्हीचं चित्र फक्त वरून खाली येतं. मोडेमला वर उत्तरही द्यावं लागतं, आणि ते उत्तर ५ मेगाहर्ट्झपासून ४२ किंवा ६५ पर्यंतच्या पट्ट्यात जातं (वरची हद्द ऑपरेटरच्या यंत्रणेवर). टीव्हीसाठी विकले जाणारे साधे बूस्टर खालून वर काहीच जाऊ देत नाहीत. म्हणून तुमचा डाउनस्ट्रीम लागला आणि अपस्ट्रीम अडकला. चित्र स्वच्छ असणं हा मोडेमच्या लाइनचा पुरावा होतच नाही, केबलवाल्याने काहीही सांगो.

जोडणी अशी करा: बाहेरून आलेली वायर थेट दोन तोंडांच्या स्प्लिटरवर. एक तोंड सरळ मोडेमला, मध्ये काहीच नको. दुसऱ्या तोंडावर बूस्टर, त्याच्या पुढे टीव्ही. स्प्लिटरवर ‘५-१००० मेगाहर्ट्झ’ छापलेलं असलं पाहिजे. टीव्हीचे स्वस्त स्प्लिटर ४० किंवा ४७ पासून सुरू होतात, ते इथे चालत नाहीत. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडावर साधारण ३.५ डीबी खातो, चार तोंडांचा ७. मोकळ्या तोंडावर ७५ ओहमची टोपी लावा.

मग लॅपटॉप मोडेमला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ उघडा (आकडे इंग्रजीत टाका, देवनागरीत घेत नाही). डाउनस्ट्रीम पॉवर -७ ते +७ च्या आत, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) ३३ च्या वर, अपस्ट्रीम ३५ ते ५० च्या दरम्यान असावं. अपस्ट्रीमचा आकडा मोठा दिसला म्हणून खूश होऊ नका. वर आवाज पोचत नसला की हेडएंड (ऑपरेटरकडचं मुख्य यंत्र) मोडेमला ‘जोरात बोल’ म्हणत राहतं, आणि आकडा चढतो.

मोडेम सेकंडहँड आहे तर खालच्या लेबलवरचा केबल मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) ऑपरेटरकडे नोंदवला का? लेबलवर दोन-तीन मॅक असतात. ‘सीएम’ किंवा ‘एचएफसी’ लिहिलेला द्यायचा, इथरनेटचा नाही.

वायरमन_देवळी:
वरचं सगळं बरोबर. वायरच्या टोकाकडेही एकदा बघा. परतीच्या वाटेवर वायर स्वतः फारशी खात नाही. ४० मीटर आरजी-६ ७५० मेगाहर्ट्झला ७ डीबीच्या घरात खाते, ४० मेगाहर्ट्झला जेमतेम २. एवढं करूनही अपस्ट्रीम चढलेलंच राहिलं, तर दोष बहुतेक कनेक्टरमध्ये किंवा वाटेतल्या एखाद्या जोडात निघतो.

हाताने पिळून बसवायचे एफ-कनेक्टर काढून टाका, दाबून बसणारे कॉम्प्रेशनचे लावा. बाहेरचं आवरण काढल्यावर जाळी मागे दुमडायची, पांढरा फोम आतल्या कडेला टेकेपर्यंत ढकलायचा, आणि मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर १ ते २ मिमी. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी सिग्नल बसला. घरात शिरण्याआधी वायरला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. पाणी आत शिरलेली वायर वाळत नाही, तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागतो.

कपाशीवाला:
बूस्टर टीव्हीच्या बाजूला हलवला, स्प्लिटर बदलला, मॅक नोंदवला. ऑनलाइन लागला! आता डाउनस्ट्रीम -४, एसएनआर ३६, अपस्ट्रीम ४७. लॅपटॉपवर नेट चालते. पण तीच वायर राउटरच्या वॅनमध्ये (नेट आत घ्यायच्या तोंडात) टाकली की काहीच नाही. काहून?

तारजोड:
आकडे उत्तम. मोडेम सुरू होताना जे यंत्र पहिल्यांदा जोडलेलं दिसतं, त्याचाच मॅक तो लक्षात ठेवतो, आणि तुमचा लॅपटॉप त्यात बसलाय. मोडेमचं अडॅप्टर काढा, बॅटरीचा मोडेम असेल तर तीही. दोन मिनिटं थांबा. राउटर वॅनला जोडा, आधी मोडेम चालू करा, ऑनलाइन लागला की मगच राउटर. वॅनचा प्रकार ‘डायनॅमिक आयपी’. ऑपरेटरने युझरनेम-पासवर्ड दिलं असेल तर ‘पीपीपीओई’.

तरीही वॅनला पत्ता नाही मिळाला तर राउटरमधलं ‘मॅक क्लोन’ वापरून लॅपटॉपचा मॅक त्याला द्या. आणि मोडेममध्येच राउटर असेल तर दोघांचा आतला पत्ता एकच नको. दोन्हीकडे १९२.१६८.०.१ असेल तर राउटरचा बदलून १९२.१६८.५.१ करा.

लोडशेडिंगवाला:
राजेहो, विजेचं कोणी बोललंच नाही. मोडेम आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टचे असतात, त्यामुळे १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो. मात्र दोन्ही अडॅप्टरवरचे अँपिअर वाचून बेरीज करा, यूपीएस त्याहून मोठा घ्या. घरी यूपीएस असूनही गावची लाइट गेली की नेट जात असेल, तर खांबावरच्या केबल ॲम्प्लिफायरला बॅकअप नाही. त्यावर घरात काहीच उपाय नाही, ऑपरेटरच्याच मागे लागा.

मे-जूनमध्ये आभाळ गडगडायला लागलं की नुसता स्विच बंद करून भागत नाही. वीज कोॲक्सवरूनही आत येते आणि लॅनच्या वायरने राउटर, टीव्ही सगळंच घेऊन जाते. अडॅप्टर, कोॲक्स, लॅन तिन्ही काढा. वायर घरात शिरते तिथे ग्राउंड ब्लॉक (कोॲक्सला अर्थिंग देणारा जोड) बसवून घराच्या अर्थिंगला जोडून घ्या, त्याच्यासाठी वेगळा रॉड ठोकू नका. पण घराचं अर्थिंग नुसतं नावापुरतं असेल, तर आधी तेच दुरुस्त करा.