ॲम्प बसवल्यापासून स्पीकरमधून शिट्टी, ॲक्सिलरेटर दिला की चढते. आधी काय तपासू?

पन्हाळा_रोड

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची डिझेल हॅचबॅक. कंपनीचा स्टिरिओ काढून अँड्रॉइड स्टिरिओ घातलाय आणि डिकीत चार चॅनेलचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) आहे (४ ओहमला ७५ वॅट × ४). इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ. स्टार्ट केली की चारही दारांच्या स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि ॲक्सिलरेटर दिला की चढत जाते. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच. हेडलाइट आणि एसी लावला की अजून वाढते.

बॅटरीपासून ॲम्पपर्यंत ८ गेजची केबल ड्रायव्हरच्या बाजूने नेलीय, आरसीए वायरही (स्टिरिओचा सिग्नल ॲम्पला नेणारी) तिच्यालगतच. ॲम्पची अर्थ (निगेटिव्हची जोडणी) मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला आणि स्टिरिओची अर्थ कपलरमधल्या काळ्या वायरला. फिटिंगवाला म्हणतो पॉवरला नॉइज फिल्टर लाव, नाहीतर आरसीएला आयसोलेटर. कशावर पैसे घालावेत? मल्टीमीटर घरी आहे, वापरता येतो.

उद्यमनगर_वायरमन

भावा, अजून कशावरच पैसे घालू नकोस. नॉइज कुठून आत शिरतोय ते अर्ध्या तासात कळतं.

इंजिनबरोबर चढणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) रिपल, म्हणजे त्याच्या व्होल्टेजमधला बारीक चढउतार. १२ पोलचा थ्री फेज अल्टरनेटर एका फेऱ्यात ३६ रिपल देतो. पुलीचं गुणोत्तर अडीच धरलं तर ८०० आरपीएमच्या आयडलला तो २००० ने फिरतो, म्हणजे सेकंदाला १२०० रिपल. इंजिन ३००० वर नेलंस की तेच ४५०० हर्ट्झ. कान ज्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो नेमका तोच पट्टा, म्हणून एवढासा रिपलसुद्धा टोचतो.

तू दिलेली कामाची खूण म्हणजे व्हॉल्यूम शून्यावरही शिट्टी तेवढीच राहते. म्हणजे ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे शिरतेय: स्टिरिओच्या आउटपुटपासून ॲम्पपर्यंतच्या वाटेत, नाहीतर ॲम्पच्या स्वतःच्या पॉवर-अर्थमध्ये.

आता या क्रमाने तपास. प्रत्येक वेळी आरसीए काढण्या-घालण्याआधी स्टिरिओ आणि ॲम्प दोन्ही बंद कर, हे विसरू नकोस. ॲम्पची अर्थ ढिली असताना चालू सिस्टीममध्ये आरसीए जोडली तर ॲम्पचा करंट आरसीएच्या जाळीतून (सिग्नलच्या तारेभोवतीच्या वेढ्यातून) परत जायला बघतो आणि स्टिरिओच्या आतला बारीक फ्यूज किंवा सर्किट बोर्डवरची रेघ जळते. मग आयुष्यभराची शिट्टी.

दोन साध्या आरसीए पिना घे, आतला खिळा आणि बाहेरची रिंग सोल्डरने जोडून टाक. ॲम्पच्या इनपुटमधल्या आरसीए काढून त्या जागी या शॉर्ट पिना घाल आणि इंजिन चालू कर. तरीही शिट्टी असेल तर दोष ॲम्पच्या पॉवर, अर्थ किंवा स्पीकर वायरमध्ये. गप्प झालं तर पिना काढ आणि मोबाइल (चार्जरला न लावता) ३.५ एमएम ते आरसीए वायरने थेट ॲम्पला लाव. नंतर तोच मोबाइल पुढे डॅशबोर्डमध्ये, लांब आरसीएच्या स्टिरिओकडच्या टोकाला. तिथे शिट्टी आली तर शेजारची पॉवर केबल आरसीएत घुसतेय.

मग मीटर डीसी व्होल्टवर ठेव. इंजिन चालू, हेडलाइट चालू, गाणं मोठ्याने. एक प्रोब ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूवर आणि दुसरा लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. तसंच स्टिरिओच्या बॉडीपासून ॲम्पच्या अर्थपर्यंत मोज. ओहमवर मोजू नकोस. साधा मीटर ०.२-०.३ ओहम स्वतःच्या प्रोबचेच दाखवतो, आणि खराब अर्थ ४० ॲम्पिअर वाहताना कशी वागते ते ओहमच्या आकड्यात दिसत नाही.

करवीर_साउंड

वायरमन भाऊंशी सहमत. अर्थबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक शिट्ट्या तिथेच मिटतात.

सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी कधीही वापरू नका. त्याच्या आट्यांवर लॉकिंगचा लेप असतो, खाली रंग असतो, आणि तो ठराविक टॉर्कने आवळलेला जीव वाचवणारा बोल्ट आहे. त्याखाली थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची भोकाची चकती) सरकवली की त्याची पकड बदलते.

डिकीच्या फ्लोअरला किंवा चाकाच्या कमानीजवळच्या जाड पत्र्याला जागा निवडा. ड्रिल मारण्याआधी खाली वाकून बघा, पेट्रोल-डिझेलची टाकी, पाइप, ब्रेक लाइन नाही ना. हॅचबॅकमध्ये टाकी बहुतेक मागच्या सीटखाली असते. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने घासा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत; रंगाखालचा प्रायमरही गेला पाहिजे, तो करंट नेत नाही. एम८ चा बोल्ट, दातेरी वॉशर, क्रिंप केलेली तांब्याची थिंबल, खालून नट. थिंबल पक्कडीने चेपू नका. उद्यमनगरात इलेक्ट्रिकल कामं करणाऱ्यांकडे षटकोनी डायचं क्रिंपिंग टूल असतं, दोन मिनिटांचं काम आहे. आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग मारा. आपल्याकडच्या पावसात उघडा घासलेला पत्रा एका मोसमात गंजतो आणि दिवाळीला शिट्टी परत येते.

अर्थ वायर पॉवर केबलच्याच जाडीची आणि ४५ सेंमीच्या आत.

जाडीचं गणित असं: ३०० वॅट आउटपुट, क्लास एबी प्रकारच्या ॲम्पची कार्यक्षमता साधारण ५५ टक्के, म्हणजे बॅटरीकडून ५४५ वॅट, १३.८ व्होल्टला जवळपास ४० ॲम्पिअर. ८ गेज तांब्याची ५ मीटर केबल ४० ॲम्पिअरला ०.४ व्होल्ट खाते, ४ गेज ०.१६. आणि ८ गेज म्हणून बाजारात जे मिळतं त्यात तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम भरपूर. एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. ती तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच काम करते, शिवाय टर्मिनलखाली हळूहळू दबून ढिली होते. २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल याहून केव्हाही भारी.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत आहे ना? तो नॉइजसाठी नसतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात केबल कापली गेली तर आग लागू नये म्हणून असतो. त्या भोकात रबरी ग्रोमेट आहे का तेही बघा.

पन्हाळा_रोड

खूप आभार. केलेल्या टेस्ट:

शॉर्ट पिना लावल्या: पूर्ण शांत.
मोबाइल थेट ॲम्पला: शांत.
मोबाइल डॅशबोर्डकडच्या टोकाला: शांत, कान लावला तर अगदी बारीक सूं.
ॲम्पची अर्थ ते बॅटरी निगेटिव्ह: ०.२६ व्होल्ट.
स्टिरिओची बॉडी ते ॲम्पची अर्थ: ०.१८ व्होल्ट.

म्हणजे अँड्रॉइड स्टिरिओच खराब का? बदलून घेऊ?

उद्यमनगर_वायरमन

थांब, बदलू नकोस. मोबाइलवर शांत आलं म्हणजे स्टिरिओ खराब असं होत नाही. मोबाइलला गाडीची दुसरी अर्थच नसते, त्यामुळे त्याच्याने दोन अर्थमधून बनणारा लूप आपोआप तुटतो. या टेस्टने एवढंच सिद्ध झालं की आरसीए पॉवर केबलजवळ असूनही फारसं काही ओढून घेत नाहीये.

खरा गुन्हेगार तो ०.१८ आहे. स्टिरिओची अर्थ एकीकडे, ॲम्पची दुसरीकडे, दोघांत फरक. आरसीएची जाळी या दोन अर्थना जोडते, म्हणून फरकाचा करंट जाळीतून वाहतो आणि त्यावर स्वार झालेला रिपल सिग्नलमध्ये मिसळतो. हेडलाइट-एसी लावल्यावर वाढतं तेही यामुळेच: अल्टरनेटरवर लोड वाढला की रिपलही वाढतो, अर्थमधला ड्रॉपही.

एक खात्री मात्र करून घे. सगळं बंद, आरसीए सुटी, मीटर ओहमवर. स्टिरिओच्या आरसीएची बाहेरची रिंग आणि स्टिरिओची बॉडी. शून्याच्या आसपास आलं तर आतली रेघ शाबूत. शेकडो ओहम किंवा ओपन आलं तर जळलीय, तेव्हा स्टिरिओ दुरुस्तीला.

शाबूत असेल तर आधी ॲम्पची अर्थ वर लिहिलंय तशी कर. मग पुन्हा मोज. फरक राहिलाच तर स्टिरिओची काळी वायर कपलरमधून सोडवून २.५ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर डॅशबोर्डमागच्या बॉडीच्या धातूला दे, डॅशबोर्डच्या पातळ ब्रॅकेटला नाही. ॲम्पची बॉडीसुद्धा पत्र्याला टेकलेली नको, खाली १२ एमएम प्लाय घाल आणि स्क्रू प्लायच्या आरपार जाऊ देऊ नकोस.

आयसोलेटर शेवटचा पर्याय. आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. स्वस्तातल्याचा कोअर खालच्या बेसला सॅच्युरेट होतो, ढोल-हलगीचा दणका मऊ पडतो.

राजारामपुरी_बेस

शेवटच्या मुद्द्यावर थोडा मतभेद. चांगल्या कोअरचा आयसोलेटर फक्त दारांच्या चॅनेलला, ८० हर्ट्झचा हाय पास (त्याखालचा बेस अडवणारा फिल्टर) लावून वापरला तर बेसचा प्रश्नच उरत नाही. पण अर्थ सुधारल्याशिवाय लावणं म्हणजे ०.२६ व्होल्ट तसाच ठेवणं, आणि तो ॲम्पची ताकद खातच राहतो. त्यामुळे क्रम वायरमन भाऊंचाच बरोबर.

अजून एक मोजून घ्या: इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटर एसी व्होल्टवर, थेट बॅटरीच्या टोकांवर. ०.१ च्या आत असेल तर अल्टरनेटर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर डायोड गेलाय, मग अर्थ कितीही घासा. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसीचाच आकडा दाखवतात, म्हणून आधी इंजिन बंद ठेवून शून्य येतं का बघा.

नव्या स्टार्ट-स्टॉप गाड्यांवाल्यांनी लक्षात ठेवा: बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो. ज्यादा अर्थ वायर सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला जोडा. थेट बॅटरीच्या खुंटावर जोडली तर तो करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा चार्जचा हिशोब बिघडतो.

पन्हाळा_रोड

स्टिरिओची रिंग ते बॉडी ०.३ ओहम, म्हणजे शाबूत. बॅटरीवर एसी ०.०४. डिकीच्या फ्लोअरला नवा एम८ बोल्ट, २५ स्क्वेअरची ३० सेंमी अर्थ. पुढची पॉवर केबलही तीच घातली, क्लीनरच्या बाजूने. आरसीए ड्रायव्हरच्या बाजूलाच ठेवली. आता ॲम्प ते बॅटरी ०.०५, स्टिरिओ ते ॲम्प ०.०२. शिट्टी गेली! इंजिन रेस केलं तरी नाही.

फक्त एक सूंऽऽ असा हिस राहिलाय, इंजिन बंद असतानाही. गेन तीन चतुर्थांशवर आहे.

करवीर_साउंड

हिस गेनचा आहे, वायरिंगचा नाही. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, स्टिरिओचा आउटपुट ॲम्पशी जुळवायचा स्क्रू आहे तो.

स्पीकर सोडवा. गेन शून्यावर, बेस बूस्ट, इक्वलायझर आणि क्रॉसओव्हर (आवाजाचे पट्टे वेगळे करणारा फिल्टर) बंद. ० डीबीवर रेकॉर्ड केलेला ४०० हर्ट्झचा सूर लावा (साधे मीटर त्याच्या वर एसी नीट मोजत नाहीत), स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशवर. मीटर एसीवर ठेवून स्पीकर आउटपुटवर धरा आणि गेन सावकाश वाढवा. ७५ वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे ३००, त्याचं वर्गमूळ १७.३. मीटरवर १७ व्होल्ट दिसले की थांबा. चारही चॅनेलना एकेक करून.

स्टिरिओचा आउटपुट ४ व्होल्टचा असेल तर हे खूप आधीच येईल आणि हिस जवळपास जाईल. २ व्होल्टवाल्यात थोडा राहतो, पण गाडी आंबा घाटाला लागली की टायरच्या आवाजात तो ऐकू येत नाही.