‘अन्नासाठी तेल’ आणि बेनॉन सेवन : दोष नेमका कुणाच्या पदरात?

दूरचा दिवा

एप्रिल १९९२. काबूलच्या धावपट्टीवर संयुक्त राष्ट्रांचं एक विमान थांबलं होतं. त्यात बेनॉन सेवन होते. सायप्रसचे, १९६५ पासून संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत. सत्ता सोडलेले अफगाण राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला यांना अफगाणिस्तानबाहेर काढायची कामगिरी त्यांच्याकडे होती. दिल्लीत आश्रय द्यायला भारत तयार होता, नजीबुल्लांचं कुटुंबही तिथे पोहोचलं होतं. पण बंडखोर सेनापती दोस्तमच्या सैनिकांनी नजीबुल्लांची गाडी विमानतळापाशी अडवली. ते मागे फिरले, संयुक्त राष्ट्रांच्या आवारात शिरले आणि चार वर्षांहून जास्त काळ तिथेच अडकून राहिले. सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने त्यांना तिथून बाहेर काढून ठार मारलं.

हे आधी सांगितलं, कारण आता सेवन म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे इराकमधला तेलाचा घोटाळा. परवा इथे दुसऱ्या धाग्यावर संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तेव्हा इथलेच सदस्य तराजू यांनी लिहिलं होतं की संयुक्त राष्ट्रांवरचा विश्वास सेवनसारख्यांनी घालवला. मला ते पटलं नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

कुवेतवरच्या हल्ल्यानंतर ऑगस्ट १९९० मध्ये इराकवर निर्बंध आले. पुढच्या काही वर्षांत तिथे अन्न आणि औषधांची दैना झाली. १९९५ मध्ये सुरक्षा परिषदेने ९८६ क्रमांकाचा ठराव केला. इराकने तेल विकायचं, पैसे न्यूयॉर्कमधल्या बँकेत संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या खात्यात जमा व्हायचे आणि त्यातून धान्य, औषधं, पंप, सुटे भाग घ्यायचे. १९९६ च्या अखेरीस तेल निघालं, १९९७ च्या वसंतात पहिलं धान्य पोहोचलं. २००३ पर्यंत सुमारे ६४ अब्ज डॉलरचं तेल विकलं गेलं. गहू, तांदूळ, साखर, चहा, तेल, डाळी असं रेशन जवळजवळ अख्ख्या देशाला घरोघरी मिळत होतं. ‘अन्नासाठी तेल’ ती हीच योजना. ती ज्या कार्यालयाकडे होती, त्याचे प्रमुख १९९७ पासून सेवन.

२००५ मध्ये, या घोटाळ्याच्या चौकशीसाठी संयुक्त राष्ट्रांनीच नेमलेल्या पॉल व्होल्कर यांच्या समितीने निष्कर्ष काढला, की सेवन यांनी एका छोट्या तेल व्यापारी कंपनीला इराककडून तेलाचा वाटा मिळवून दिला आणि त्यांच्याकडे १९९८ ते २००२ दरम्यान सुमारे १ लाख ४७ हजार डॉलर रोख आले, ज्यांचा समाधानकारक हिशेब नाही. सेवन म्हणाले, पैसे निकोसियातल्या आत्याने दिले. ती आत्या सरकारी छायाचित्रकार म्हणून निवृत्त झालेली होती. समितीला ते पटलं नाही.

समिती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण त्याच समितीच्या शेवटच्या अहवालात २,२०० हून जास्त कंपन्यांची नावं आहेत, ज्यांनी सद्दाम सरकारला मिळून सुमारे १.८ अब्ज डॉलर चोरून दिले. योजनेच्या बाहेर, उघड तस्करीतून, सद्दामला त्याच्या कितीतरी पट म्हणजे सुमारे ११ अब्ज डॉलर मिळाले. ते टँकर जॉर्डन आणि तुर्कस्तानात जात होते. अमेरिका आणि ब्रिटन या दोघांनाही ते माहीत होतं आणि मित्रदेशांसाठी दोघांनीही ते चालू दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी म्हणणार नाही, कारण सेवन संन्यासी नव्हते. पण चोरांची रांग मैलभर लांब असताना एकाच माणसाचा चेहरा लक्षात ठेवायचा, हे कुणाच्या सोयीचं आहे, याचा विचार करा.

तराजू

मी माझ्या वाक्यावर ठाम आहे.

दिवा, तुम्ही रक्कम तोलताय. ६४ अब्जांपुढे दीड लाख. पण लाच अशी तोलायची नसते. लाच घेणारा कोणत्या जागी बसलाय ते आधी बघायचं. सेवन यांच्या टेबलावर कंत्राटांच्या फायली येत होत्या. इराकी अधिकारी दहा टक्के जास्त मागतात, अशा तक्रारी त्यांच्या कार्यालयात पोहोचत होत्या. ही माहिती त्यांनी सुरक्षा परिषदेपुढे नीट मांडली नाही, असं समितीने सप्टेंबर २००५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. ज्या सरकारवर नजर ठेवायची, त्याच सरकारकडे एका ओळखीच्या कंपनीसाठी तेल मागितल्यावर त्या सरकारविरुद्ध तक्रार कोणत्या तोंडाने करणार? खरा तोटा इथे आहे. दीड लाखात त्यांचं मौन विकत मिळालं, असा संशय लोकांच्या मनात कायमचा राहिला आणि तो पुसायला ते न्यायालयात कधी उभेच राहिले नाहीत. जानेवारी २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यावर आरोपपत्र आलं, तेव्हा ते सायप्रसला परतले होते. खटला उभा राहिलाच नाही.

आणि काबूलचं विमान? त्या रात्रीचं धैर्य मला मान्य आहे. पण काबूलच्या पुण्याईवर बगदादचा हिशेब माफ होत नाही.

उत्तररात्र

तराजू, ‘मौन’ हा शब्द मोठा वापरलात. त्या मौनात आणखी कोण होतं ते बघा.

प्रत्येक कंत्राट ‘६६१ समिती’कडे, म्हणजे निर्बंधांवर देखरेख करणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या समितीकडे, जात असे. तिच्यात परिषदेचे पंधराही देश. एकाही देशाने हरकत घेतली तरी कंत्राट थांबत असे. अमेरिका आणि ब्रिटनने ही ताकद भरपूर वापरली. २००२ च्या मध्याला ५ अब्ज डॉलरहून जास्त किमतीचा माल असा अडकलेला होता. पाण्याचे पंप, विजेची यंत्रं, दवाखान्यातलं सामान. कारण काय, तर यातून शस्त्रं बनतील. पण किमती फुगलेल्या दिसतात म्हणून सेवन यांच्या कार्यालयाने सुमारे ७० कंत्राटं दाखवून दिली, असं संयुक्त राष्ट्रांचं म्हणणं आहे, आणि त्या कारणासाठी समितीने एकही अडवलं नाही. म्हणजे पंप अडवायला सवड होती, पण लाच अडवायला नव्हती.

मी हे रागाने लिहितेय, कारण मला ज्यांची आठवण ठेवावीशी वाटते ती नावं या सगळ्यात बुडून गेली. डेनिस हॅलिडे हे आयरिश गृहस्थ, चौतीस वर्षं संयुक्त राष्ट्रांत. बगदादमधल्या मदतकार्याचे प्रमुख होते. हे निर्बंध एका समाजाला संपवत आहेत, असं म्हणून १९९८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्या जागी आलेले जर्मनीचे हान्स फॉन श्पोनेक यांनीही २००० मध्ये तेच केलं. मुत्सद्द्याची कारकीर्द कशी असावी याचं उदाहरण हवं असेल, तर ते इथे आहे. सेवनना शिव्या देण्यात आणि वाचवण्यात आपण इतके गुंतलो, की ज्या दोघांनी खुर्ची सोडली त्यांचं नाव या धाग्यावर तिसऱ्या माणसाला काढावं लागलं. पाच लाख मुलं गेली तिथे.

तराजू

उत्तररात्र, हॅलिडे आणि श्पोनेक यांच्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. मी त्यांचा उल्लेख करायला हवा होता.

पण पाच लाखांचा आकडा कृपया मागे घ्या. तो १९९९ च्या युनिसेफच्या सर्वेक्षणावर उभा आहे. ते सर्वेक्षण इराकी सरकारच्या मदतीने झालं होतं. २००३ नंतरच्या सर्वेक्षणांत बालमृत्यूंची तशी उसळी कुठेच दिसली नाही. २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात संशोधकांनी दाखवून दिलं, की तो आकडा सद्दाम सरकारने फिरवलेला होता. निर्बंधांनी लोकांचे हाल झाले हे खरंच. पण खोट्या आकड्यावर खरी वेदना उभी केली, की पुढे कुणी त्या वेदनेवरही विश्वास ठेवत नाही.

उत्तररात्र

हे मला माहीत नव्हतं. आकडा मागे घेते. हॅलिडेंबद्दल जे लिहिलं ते तसंच राहू द्या.

कोकणकडा

आपल्याकडची बाजू कुणीच घेतली नाही, म्हणून थोडक्यात. ऑक्टोबर २००५ च्या व्होल्कर अहवालात नटवरसिंग आणि काँग्रेस पक्ष या दोघांचीही नावं तेलाच्या वाट्याचे लाभार्थी म्हणून आली. नटवरसिंग तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. १९५३ पासून परराष्ट्र सेवेत काढलेली वर्षं, नंतर राजकारण. नोव्हेंबरमध्ये खातं गेलं, डिसेंबरमध्ये मंत्रिपद. न्यायमूर्ती पाठक यांच्या चौकशीने २००६ मध्ये सांगितलं, की त्यांनी शिफारसपत्रं देऊन पदाचा गैरवापर केला, पण त्यांना स्वतःला पैसा मिळाल्याचा पुरावा नाही. पक्षाला निर्दोष ठरवलं गेलं. मला हे अजून सलतं. अहवालात दोन नावं शेजारी होती. त्यातला एक माणूस घरी गेला आणि दुसऱ्या नावाचं पान लगेच उलटलं. दिवा म्हणतात ते इथेही दिसतं : चेहरा एकाचा लक्षात राहतो.

तराजू

कोकणकडा, यात फरक आहे. नटवरसिंग निदान इथेच राहिले, चौकशीला सामोरे गेले, शेवटपर्यंत भांडले. सेवन दूर निघून गेले. चाळीस वर्षं ज्या संस्थेचा पगार घेतला, तिच्या दारात येऊन ‘विचारा काय विचारायचं ते’ असं म्हणणं एवढं अवघड होतं का?

गोदीतला कारकून

मी इथे फार लिहीत नाही. हे वाचून राहवलं नाही.

२००१ मध्ये मी मुंबईत एका निर्यात कंपनीत कागदपत्रं बघत होतो. प्रोफॉर्मा (मालाचं आगाऊ दरपत्रक), एल. सी., बिल ऑफ लेडिंग, सगळं माझ्या हातून जायचं. या योजनेखाली शेतीच्या पंपांचे सुटे भाग इराकला जायचे. माल इराकच्या उम्म कसर बंदरात उतरायचा, तिथले निरीक्षक शिक्का मारायचे, मग न्यूयॉर्कच्या बँकेतून पैसे सुटायचे. एके दिवशी बगदादहून निरोप आला, की किंमत दहा टक्क्यांनी वाढवा. नाव ‘आफ्टर सेल्स सर्व्हिस’. ते दहा टक्के जॉर्डनमधल्या एका खात्यात भरायचे. साहेब म्हणाले, सगळेच भरतात, नाही भरलं तर ऑर्डर जाईल. मी नवा प्रोफॉर्मा टाइप केला. दर बदललेला होता, खाली कसलाही खुलासा नव्हता. बसरा किंवा बगदादमध्ये आमचा एकही मेकॅनिक नव्हता. सर्व्हिस कुणाला द्यायची होती आम्ही?

ते दहा टक्के आमच्या खिशातून गेले नाहीत. ते इराकच्याच तेलाच्या पैशातून गेले, म्हणजे ज्या शेतकऱ्यासाठी पंप होता, त्याच्याच वाट्यातून. हे मला तेव्हा कळत होतं. मला अठ्ठावीसावं वर्ष होतं, घरी बहिणीचं लग्न होतं, मी गप्प बसलो.

ऑस्ट्रेलियाच्या गहू मंडळाची गोष्ट वाचली, तेव्हा मला हेच आठवलं. त्यांनी एका जॉर्डनी वाहतूक कंपनीला २२ कोटी डॉलरच्या आसपास दिले. गहू वाहून नेण्याचं भाडं म्हणून. तिकडे निदान चौकशीला कोल आयोग बसला, अधिकारी साक्षीला उभे राहिले. आमच्याकडे कुणी विचारायलाही आलं नाही.

दिवा, तुमचं म्हणणं खरं आहे की दोषी हजारो होते. त्यातला एक मी. पण म्हणूनच सेवनवरचा माझा राग कमी होत नाही. आमच्यासारख्यांना वाटायचं, वर न्यूयॉर्कला कुणीतरी बघतंय, किंमत फार फुगली तर फाईल परत येईल. मी तर वाट बघत होतो फाईल परत यायची. आली असती तर साहेबांना सांगता आलं असतं, की आता नाही जमणार. ती कधीच आली नाही.

दूरचा दिवा

कारकूनसाहेब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे लिहायला हिंमत लागते.

माझं मत थोडं हललंय, हे कबूल करतो. ६६१ समिती दोषी होती, अमेरिका आणि ब्रिटन दोषी होते, हे मी सोडणार नाही. पण फाईल परत पाठवणं हे सेवन यांच्या हातात होतं, निदान तक्रार मोठ्या आवाजात करणं तरी होतं. आवाज दाबला गेला असता तर हॅलिडेंची वाट होती.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. १९ ऑगस्ट २००३ ला बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय असलेल्या कॅनाल हॉटेलवर बॉम्ब फुटला. संयुक्त राष्ट्रांचे इराकमधले प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेलो धरून २२ जण गेले. सेवन त्या इमारतीत होते आणि वाचले. त्या दिवशी ते गेले असते, तर आपण त्यांना आज काय म्हटलं असतं?

तराजू

हुतात्मा म्हटलं असतं, आणि व्होल्कर समितीला तेच बँकखातं तेव्हाही सापडलं असतं. आत्या आणि तिच्या पैशांबद्दल विचारायला फक्त कुणी उरलं नसतं.

ते वाचले म्हणून मला बरंच वाटतं, दिवा. म्हणूनच म्हणतो, त्यांनी न्यूयॉर्कला यायला हवं होतं.