प्रति: टी. रेक्स फक्त मेलेलं खायचा?

वर म्हटलंय की टी. रेक्स हा महाकाय डायनोसॉर शिकारी नव्हताच, गिधाडासारखा मेलेलं खायचा. मला हे पटत नाही. अमेरिकेत साउथ डाकोटामध्ये बदकासारख्या चोचीच्या एका डायनोसॉरच्या शेपटीचे २ मणके सापडले. त्यात टी. रेक्सचा दात तुटून रुतलेला आणि त्याभोवती नवं हाड वाढून दोन्ही मणके एकमेकांना जुळलेले! २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. हाड वाढतं ते जिवंत प्राण्याचंच. म्हणजे हल्ला झाला, सावज निसटलं आणि नंतर बराच काळ जगलं. आयतं मिळालेलं तो सोडत नसणार हेही खरं, पण सिंह तरी कुठे सोडतो?

दात केवढा, हे लेकीला कळावं म्हणून काल दादरच्या मंडईतून आणलेलं राजेळी केळं तिच्या हातात दिलं. जवळपास तेवढा जाड, मुळासकट ३० सेंटिमीटरपर्यंत लांब, आणि कडांना विळीच्या खोवणीसारखे पण फार बारीक दाते. तिने विचारलं, "पडला की?" नवा यायचा, आयुष्यभर.

शिवाय टी. रेक्सच्या हाडांतल्या वाढीच्या वर्तुळांवरून दिसतं की साधारण १४ ते १८ या वयात त्याचं वजन दिवसाला २ किलोच्या आसपास वाढायचं. एवढी भूक नुसती मढी शोधून भागत असेल, असं मला तरी वाटत नाही.