प्रक्रिया केलेलं सांडपाणी: 'जमीन मेलीच समजा' म्हणणाऱ्यांसाठी

वाफसा: काल एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं, "सांडपाण्यावर कितीही प्रक्रिया करा, ते विषच. शेताला दिलं की जमीन मेलीच समजा." खाली 'अगदी बरोबर'चा पाऊस. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा. इस्रायल आपल्या सांडपाण्यापैकी जवळपास ९० टक्के पाणी शेतीला देतो, आणि हे दशकानुदशकं चालू आहे. जमीन मरायची असती तर एव्हाना मेली असती. शिवाय लिटरला २० मिलिग्रॅम नत्र असलेलं पाणी हेक्टरी १०० मिलिमीटर दिलं की २० किलो नत्र फुकटात पडतं. ज्यांच्या विहिरी बारमाही भरलेल्या आहेत त्यांनी खुशाल नाकं मुरडावीत.

चोपणकर: आलं इस्रायल! तिथल्याच भारी जमिनीतल्या फळबागांचं काय झालं, तेही वाचा की. वर्षानुवर्षं हे पाणी दिल्यावर सोडियम चढलं, पाणी मुरेनासं झालं, मुळांना हवा मिळेना. हे तिथलेच संशोधक सांगतात. नेहमीची प्रक्रिया बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, उतरवते, जंतू मारते. मीठ जसंच्या तसं पुढे येतं. ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, १ असलेलं तुमचं तेच १०० मिलिमीटर पाणी हेक्टरी सहाशे किलोच्या वर क्षार टाकून जातं. नत्राचे किलो मोजलेत, हे कोण मोजणार?

वाफसा: क्षार विहिरीच्या पाण्यातही असतात. निचरा असेल तर पावसात धुऊन जातात.

चोपणकर: खरी मेख तिथेच आहे. क्षार धुतले जातात, चिकणमातीला धरून बसलेलं सोडियम राहतं. खारं पाणी चालू असेपर्यंत जमीन बरी दिसते. पावसाचं गोडं पाणी पडलं की माती फुटते आणि छिद्रं बुजतात. माझ्या खालच्या तुकड्यात हेच झालं. पाऊस उघडून दिवस गेले तरी वर गढूळ पाणी उभं. ते आटल्यावर असा पोपडा धरला की बियाणं खालीच वाकडं होऊन कुजलं. शेवटी एक सुकं ढेकूळ पावसाच्या पाण्याच्या ग्लासात टाकून पाहिलं. न हलवताही ढेकळाभोवती दुधट ढग पसरला आणि दुसऱ्या दिवशीही खाली बसला नाही. पाणी द्यायला आलेल्या साहेबांनी एसएआरचा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती याचा, आकडा कधी दाखवलाच नव्हता. "पाणी पास आहे," एवढंच.

ठिबकवाली: तुम्ही मातीपर्यंत तरी पोचलात! माझ्या ठिबकच्या नळ्यांमध्ये, लॅटरलमध्ये, शेवाळी बुळबुळ धरली आणि ड्रिपर तुंबले. पण मुळात हे सोडियम येतं कुठून? घराघरातल्या कपड्यांच्या पावडरीतून आणि पाणी मऊ करायच्या यंत्रांतून. त्यांना कुणी विचारतं का?

जुना_खातेदार: म्हणजे आता लोकांनी कपडे धुवायचे नाहीत?

ठिबकवाली: असं कुठे म्हटलंय मी? कॅलिफोर्नियात सांता क्लारिटा खोऱ्यातल्या मतदारांनी २००८ मध्ये कौल देऊन मिठावर चालणारी ती यंत्रं काढायला लावली. कारण नदीच्या खालच्या अंगाची ॲव्होकॅडो आणि स्ट्रॉबेरी, त्यांना क्लोराइड सोसत नाही. इस्रायलने पावडरीतल्या बोरॉनला, तेही जास्त झालं की पिकाला बाधतं, मर्यादा घातली, सांडपाण्यातलं बोरॉन उतरलं. उगमाशी रोखता येतं ते शेतकऱ्याच्या गळ्यात का?

जुना_खातेदार: शेतकरीही पावडर वापरतोच की ताई. शहराला शिव्या घालायला निमित्त हवं, दुसरं काय.

ठिबकवाली: शिव्या कुठे दिसल्या तुम्हाला? ड्रिपर एकदा स्वतः उकलून साफ करा, मग बोला.

लिंबोणी: पावडरीवर भांडताय आणि औषधांचं कुणी बोलतच नाही. इस्रायलमध्येच २०१६ साली दाखवलंय, अशा पाण्यावरच्या भाज्या खाल्लेल्या निरोगी माणसांच्या लघवीत कार्बामाझेपिन सापडलं. फिटचं औषध, न घेता!

वाफसा: गोळीतल्या मात्रेच्या मानाने ते नगण्य होतं, हेही लिहा. आणि धागा मातीवर आहे.

लिंबोणी: नगण्य असेल. पण कुणी मला विचारून दिलं नव्हतं. मातीत काय उरतं ते ताटात येतं, म्हणून धाग्याबाहेरचं नाही.

वाफसा: असो. चोपणकर, सोडियम हटवायला जिप्सम, ते कॅल्शियमचं खनिज, टाकलं होतंत का, की नुसतीच तक्रार?

चोपणकर: टाकलं. जिप्सम सोडियम सुटं करतं, पण ते वाहून न्यायला खाली चर लागतात. चर काढायचा खर्च "पाणी पास आहे" वाल्यांनी दिला नाही.

वाफसा: बरं बाबा, भारी जमीन, निचरा नाही आणि एसएआर माहीत नाही, तिथे हे पाणी घेऊ नये. दिलं लिहून. पण माझी हलकी, मुरमाड जमीन आहे, पाणी धडाधड खाली जातं. मला कशाला घाबरवता?

चोपणकर: धडाधड खाली जातं ते कुणाच्या तरी विहिरीत जातं, तुमच्या फुकटच्या नत्रासकट. विहीर शेजाऱ्याची आहे म्हणून निवांत दिसताय.

वाफसा: शेजारी मीच आहे. दोन्ही सातबारे माझे.

चोपणकर: मग तर विहिरीतलं नायट्रेट तपासून आकडा इथेच टाका.

ठिबकवाली: आणि फिल्टर कुठला वापरता तेही टाका. जुना_खातेदार, तुम्हाला मी अजून सोडलेलं नाही.