मदत हवी आहे: दुपारचं साधं रिसेप्शन, फक्त अल्पोपहार

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीचं जानेवारीत पुण्यात रजिस्टर लग्न आहे. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टची ३० दिवसांची नोटीस देऊन झालीये, ३ साक्षीदारही ठरलेत, अडलंय ते रिसेप्शनवर. कर्ज काढून थाटमाट दोघांनाही नकोय आणि मला ते अगदी मनापासून पटतं, म्हणून दुपारी ४ ते ६, साधारण १२५ माणसं, जेवण नाही, आहेर नाही, असं ठरवलंय. पौषात मुहूर्त नसल्याने छोटे हॉल मिळतायत, पण काही ठिकाणी केटरर त्यांचाच घ्यावा लागतो आणि त्यांचं पॅकेज फक्त जेवणाचं, मग काय करायचं?

मेन्यू असा डोक्यात आहे: मटार करंजी (ताजा मटार असतोच तेव्हा), सुरळीच्या वड्या, बटाटेवडा, तिळाची वडी आणि मसाला दूध. वडे गरमच हवेत, गार तेलकट वडा पाहुण्यांपुढे ठेवायला जीव होत नाही, तर तिथेच तळून देणारं कुणी माहितीये का? माणशी किती नग धरायचे? आणि लांबून येणाऱ्या वयस्कर नातेवाइकांना एवढ्यावरच पाठवणं बरं दिसेल का, की थोडा मसालेभात ठेवू? अनुभव असेल तर प्लीज सांगा.