मदत हवी आहे: २००८ च्या गाडीचा स्टीअरिंग रॅक गळतोय, सील किट टाकू की रॅकच बदलू?

नमस्कार मंडळी,

गाडी २००८ ची, डिझेल सेडान, १ लाख ८० हजार किलोमीटर झालेली. पॉवर स्टीअरिंग जुन्या पद्धतीचं, म्हणजे बेल्टवर फिरणारा पंप आणि ऑइल. रॅक म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा आडवा भाग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इतक्या वर्षांनी रबराचं सील गेलं तर तो वयाचा दोष, गाडीचा नाही. वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली गाडी आहे. २०२३ ला पुन्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली, त्यामुळे २०२८ पर्यंत ठेवायचीच आहे. आईला दर पंधरा दिवसांनी चिपळूणहून कराडला दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणजे कुंभार्ली घाट, पावसाळ्यातसुद्धा. स्टीअरिंगच्या कामात मला चालढकल नकोय.

बिघाड आधी वडिलांना कळला. ते एसटीत चालक होते, पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाड्या याच घाटात त्यांनी वर्षानुवर्षं ओढल्यात. फुल कट मारताना, म्हणजे स्टीअरिंग टोकापर्यंत फिरवताना, येणारा बारीक आवाज ऐकून म्हणाले, "पंप रडतोय, बॉनेट उघड." बघतो तर स्टीअरिंग ऑइलच्या टाकीतलं ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. भरलं. आठ दिवसांत पुन्हा तिथंच.

मग रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला लाल थेंब. आधी मला प्रेशर पाइपचा संशय होता, कारण पाइपचं ऑइलही रॅकवरून ओघळत खाली येतं. म्हणून सगळं पुसून कोरडं केलं, इंजिन चालू ठेवून भावाला स्टीअरिंग फिरवायला लावलं आणि बॅटरी घेऊन खाली बघत बसलो. पाइपचे जोड कोरडे. मग रॅकच्या डाव्या टोकावरच्या बुटाचा, म्हणजे घड्यांच्या रबरी आवरणाचा, क्लॅम्प सैल केला आणि आतून अर्धा कप ऑइल भसकन हातावर आलं. बुटाच्या एका घडीला आडवी चीर आहे. किती दिवसांची, देव जाणे.

बूट मागे सरकवून रॅकचा आतला सरकता दांडा पुसला. चकचकीत क्रोमवर दोन जागी गंजाचे टिपके, नाचणीच्या दाण्याएवढे. नख फिरवलं तर एका ठिकाणी अडकतं.

तीन ठिकाणी विचारलं. पहिला म्हणतो सील किट टाकू, मजुरीसकट ६ हजार. दुसरा जुना घेऊन दुरुस्त केलेला रॅक देतो, १३ हजार. नवीन रॅक २७ हजारांना, आठ दिवसांत मागवून. तिघांपैकी एकानेही बूट उघडून दांडा बघितला नाही, हे मला खटकलं. एकाने तर "बाटलीतलं औषध टाका, गळती थांबेल" असंही सुचवलं.

प्रश्न असे: दांड्यावर टिपके असताना सील किट टिकेल का? मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून रॅक आणावा का? आणि काम होईपर्यंत गाडी घाटात न्यावी का?

प्रतिसाद

दादा, तुमचं निम्मं उत्तर तुमच्या नखानेच दिलंय. मी बरीच वर्षं रॅकचंच काम करतो.

डाव्या बाजूला तो गुळगुळीत दांडा शेवटच्या सीलमधून आत-बाहेर होतो. बूट फाटला की चिखल-पाणी आत जातं, क्रोम उठतं आणि खड्डा पडतो. त्यावर नवीन सील बसवलं तरी दर वळणाला तो खड्डा सीलचा ओठ कापत जातो. चार-सहा महिन्यांत पुन्हा गळती, मजुरी दुसऱ्यांदा. नख अडकत नसतं तर मीच म्हटलं असतं की किट टाका आणि बूट नवे घ्या. बहुतेक रॅक तेवढ्यावर चांगले चालतात. तुमचा टिपका सीलच्या फिरण्याच्या टप्प्यात येतो का, एवढं मात्र नक्की बघून घ्या.

दांड्यावर हार्ड क्रोमचा नवा थर चढवून तो ग्राइंड करता येतो, पण माप अचूक लागतं. दुरुस्त रॅक घेणार असाल तर दोन गोष्टी विचारा: प्रेशर देऊन टेस्ट केलाय का, आणि हमी बिलावर लिहून देणार का. कुर्ल्याचा रॅक घ्यायचा तर दुकानातच दोन्ही बूट मागे सरकवून बघा. नाही म्हणाला तर परत या.

बाटलीतलं औषध सीलचं रबर थोडं फुगवतं, त्याने काही दिवस थेंब कमी होतात. खड्डा काही भरत नाही.

काम करताना पाच गोष्टी विसरू नका. रॅक सोडवताना चाकं सरळ ठेवून स्टीअरिंग पट्ट्याने बांधा. ते मोकळं फिरलं तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टीअरिंगमागची गुंडाळलेली वायरपट्टी, तुटते. टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारा सांधा) काढताना किती आटे फिरले ते मोजून ठेवा, आणि तरीही शेवटी अलाइनमेंट कराच. जुनं ऑइल पूर्ण काढा, टाकीची जाळी धुवा, नाहीतर पंपाचा चुरा नव्या रॅकमध्ये जाईल. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या, मिसळ करू नका. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुशही बघा, ऑइल पिऊन मऊ झाले असतील.

घाटाचं म्हणाल तर, ऑइल संपलं तरी चाकं वळतात, कारण जोड लोखंडी आहे. पण वळणाच्या मधोमध स्टीअरिंग एकदम जड झालं तर आपला हात चुकतो. शिवाय कोरडा पंप जळतो आणि तापलेल्या सायलेन्सरवर ऑइल पडलं तर आगीची भीती. आईंना तोवर दुसऱ्या गाडीने न्या.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी गाडी रॅम्पवर चढवली आणि मिस्त्रींना समोर उभं राहून दांडा बघायला लावला. मोठा टिपका बरोबर सीलच्या टप्प्यात आहे. कोल्हापूरला क्रोमसाठी विचारलं, पण जाणं-येणं, ग्राइंडिंग, किट आणि पुन्हा मजुरी धरली तर बेरीज १४ हजारांवर गेली. नवीन रॅकच मागवला. आईला दोन खेपा भाड्याच्या गाडीने नेलं. वडिलांना ते अजिबात पटलं नाही, "मी जड स्टीअरिंग ओढलंय" म्हणाले. पण ते आता ७२ वर्षांचे आहेत आणि उजवा खांदा दुखतो. मी किल्ली दिली नाही.

काल रॅक बसला. पाइपही नवे टाकले, डावा बुश खरंच चिकट झाला होता, तोही बदलला. आतली हवा निघावी म्हणून चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवलं, मध्ये मध्ये ऑइल भरत गेलो, मगच इंजिन चालू केलं. अलाइनमेंटही झालं. पुठ्ठा आज सकाळी कोरडा होता.

एकच शंका उरलीय. टाकीत अजून बारीक फेस दिसतो आणि फुल कटला हलकासा आवाज येतो. ही राहिलेली हवाच असावी का, की टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपचा क्लॅम्प हवा ओढतोय? आणखी एकदा चाकं उचलून फिरवू, की आधी तो क्लॅम्प बदलू? गुरुवारी कराडला जायचंय.